तीन पोती मोहफुलं आणि माझी सही

यंदा महिला दिनाला गडचिरोलीतल्या एका कॉलेजात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि मोहाच्या लाडवांचा एक डबा. डब्यावर झाडाचं चित्र होतं आणि खाली 'पारंपरिक, पौष्टिक' असं छापलेलं होतं. सूत्रसंचालन करणाऱ्या पोरीनं माइकवर सांगितलं, "दारूबंदीच्या लढ्यात ज्यांनी मोहफुलांचे साठे पकडून दिले, त्या आजी आज आपल्यात आहेत." टाळ्या वाजल्या. माझ्या तोंडात लाडू होता, त्यामुळे लगेच खुलासा करता आला नाही.

मग मला बोलायला पाच मिनिटं दिली. दोन शाल सावरण्यात गेली, एक मान्यवरांची नावं घेण्यात. उरलेल्या दोनात "मुलींनो, खूप शिका" एवढं सांगून मी खाली बसले. साठे मी पकडून दिले होते हे खरं आहे. साठे म्हणजे तीन पोती. तीही एकाच बाईची. पुढे काय झालं ते त्या पोरीच्या कागदावर नव्हतं.

ते इथे सांगते. सांगताना एका बाईची बरीच चेष्टा होणार आहे, पण ती बाई मीच असल्यामुळे कुणी हरकत घेऊ नये.

ही तीसेक वर्षांपूर्वीची मी. माहेर नागभीडकडचं, धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं. आमच्या जातीबद्दल काही सांगत नाही; गावात आम्हाला ती कुणी विचारत नसे, आम्ही इतरांना विचारत असू. लग्न होऊन गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आले. नवरा बँकेत. त्या गावात बँक, तहसील, रेंज ऑफिस, दवाखाना आणि ठाणं अशा पाच पक्क्या इमारती होत्या, आणि त्या पाच इमारतींमधल्या साहेबलोकांच्या बायकांचं मिळून एक महिला मंडळ होतं. मी सचिव. अध्यक्ष डॉक्टरीणबाई, कारण त्यांच्याकडे खुर्च्या जास्त होत्या.

मी तेव्हा पुण्याची मराठी बोलायची. पुणं पाहिलेलं नव्हतं. 'मले' तोंडाशी आलं की ते गिळून 'मला' म्हणायची, आणि जरा मोठ्यानं म्हणायची, म्हणजे घेतलेली मेहनत ऐकू जावी. वाचनालयातून स्त्रीमुक्तीवरची पुस्तकं आणायची. ती वाचून मी एक भाषण बसवलं होतं. त्याचं सार असं, की बाई ही शेवटी बाई असते आणि सगळ्या बायकांचं दुःख एकच असतं. हे मी संक्रांतीला म्हटलं, महिला दिनाला म्हटलं, एकदा एका बारशातसुद्धा म्हटलं. म्हणताना हात गोल फिरवायची, त्यात सगळ्या बायका याव्यात म्हणून. हात खुर्च्यांपर्यंत पोचायचा.

मंडळात एक सिस्टर होती. दवाखान्यातली नर्स, बौद्ध, मोपेडवरून खेडोपाडी फिरणारी. गोंडी येणारी आमच्यात ती एकटीच, आणि जंगलातले रस्ते माहीत असणारीही तीच. त्यामुळे मोर्चाला ती लागायची. हळदीकुंकवाला आम्ही तिला बोलवत नसू. "त्यांच्यात नसतं ना ते, उगाच त्यांना अवघड व्हायचं," असं डॉक्टरीणबाई म्हणायच्या, आणि आम्ही सगळ्या तिच्या भावना जपत तिळगूळ संपवायचो.

जिल्ह्यात दारूबंदी होती आणि दारूही होती. दारूनं घरं बसतात हे तेव्हाही खरं होतं, आजही आहे. कित्येक गावांतल्या बायकांनी आपापल्या गावातल्या भट्ट्या स्वतःच्या हातांनी फोडल्या होत्या. त्या आम्हाला विचारायला आल्या नव्हत्या, हीच आमची अडचण होती. मंडळालाही काहीतरी फोडायला हवं होतं.

मोहाचे दिवस होते. बैठकीत मी उठले आणि म्हणाले, "भट्ट्या फोडून काय होणार? मुळावर घाव घाला. दारू कशाची होते? मोहफुलाची. फूलच उरलं नाही तर?"

सिस्टर कोपऱ्यातून म्हणाली, "फूल लोकं खातात बी."

"लोक काय, काहीही खातात," मी म्हणाले. टाळ्या पडल्या. ठराव झाला. त्या काळी घरात ठरावीक वजनाच्या वर मोहफूल ठेवायला कायद्यानं बंदी होती, त्यामुळे आमच्या ठरावाला जीपही मिळाली.

जीप सकाळी निघाली. ठाणेदार, दोन शिपाई, मागे आम्ही तिघी. सिस्टरची लसीकरणाची ड्युटी होती, म्हणून रस्ता शिपायानं दाखवला. गोंडी कुणालाच येत नव्हतं. त्यानं काही बिघडत नव्हतं. आम्हाला ऐकायचं नव्हतं, बोलायचं होतं.

तालुक्यापासून दोन कोस आत, जंगलातलं पंधरा-वीस घरांचं गाव. गावात शुकशुकाट. मोहफूल पहाटे गळतं, आणि ज्या दिवसांत ते गळतं त्या दिवसांत बायकापोरं सकाळी झाडांखाली असतात, हे जन्मभर झाडीपट्टीत राहिलेल्या मला ठाऊक होतं. पण मी त्या वेळी पुण्याची होते. मी शिपायाला म्हणाले, "बघा, आम्ही येतोय कळल्यावर पळाले."

पहिल्याच अंगणात फुलं वाळत घातली होती. सारवलेल्या जमिनीवर पातळ थर, खालून सोनेरी, वरून तांबूस. ओट्यावर दोन पोती भरून, तोंडं शिवून ठेवलेली. शिपायांनी अंगणातली फुलं खराट्यानं गोळा करून तिसरं पोतं भरलं. ठाणेदार म्हणाले, "मॅडम, पंच म्हणून शिकलेली बाई मिळाली तर केस मजबूत होते." मजबूत हा शब्द मला आवडला. पंचनाम्यात 'दारू गाळण्याच्या उद्देशाने साठवलेला मुद्देमाल' असं लिहिलं होतं. खाली मी पूर्ण नावानिशी सही केली आणि कंसात बी. ए. लिहिलं.

तेवढ्यात ती आली. माझ्याच वयाची, डोक्यावर ओल्या फुलांची टोपली, मागे दोन पोरी. टोपली खाली न ठेवताच तिनं विचारलं, "माहे फुलं काऊन भरून राह्यले?"

मराठी येत होतं म्हणजे. मला हुरूप आला. मी पुढे होऊन म्हणाले, "बाई, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. तुझा नवरा पिऊन तुला मारतो ना?"

"तो मेला."

"दारूनं?"

"तापानं."

मी जरा थांबले. पण भाषण पाठ असलं की मध्ये थांबता येत नाही, सुरुवातीपासून म्हणावं लागतं. म्हणून सुरुवातीपासून म्हटलं. बाई ही शेवटी बाई असते. तिनं सगळं ऐकून घेतलं. डोक्यावरची टोपली जराही हलली नाही. मग म्हणाली, "तुये घरी तांदूळ हाय?"

"आहे."

"मंग बोल," ती म्हणाली, आणि टोपली घेऊन आत गेली.

ठाणेदारांनी तिला दर तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्यात हजेरी लावली. आम्ही परत निघालो. जीपमध्ये माझ्या पायाशी तिसरं पोतं होतं आणि त्याचा गोड, जड वास गावापर्यंत आमच्यासोबत आला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंच्या अंगणात यशाचा आनंद म्हणून सगळी मंडळी जमली. आम्हा बायकांना कोकम सरबत. पुरुष पलीकडच्या बाजूला बसले होते आणि त्यांच्या मधोमध एक बाटली होती. चंद्रपूरहून आलेली, इंग्रजी. बाटलीवर लेबल होतं. लेबल असलं की ती दारू नसते, ती पार्टी असते. त्या काळी आम्ही सगळ्या असंच समजायचो आणि तिच्यासोबत शेंगदाणे तळून द्यायचो. त्या दिवशीचे मी तळले होते. आमचे हे तिसऱ्या पेल्यानंतर सगळ्यांना सांगत होते, "आमची बाई म्हणजे वाघीण हाय. दारूवाल्याइची झोप उडवली तिनं." मी त्यांच्याकडे अभिमानानं पाहिलं आणि विचारलं, "अजून आणू का दाणे?"

हे लिहिताना आता माझाच कान ओढावासा वाटतो, पण तो कान आता ऐकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टर घरी आली. ती कधी आमच्या घरी आलेली नव्हती, बोलवलं नव्हतं. मी गडबडून पाहुण्यांच्या कपात चहा दिला. तिनं कप उचलून खालून पाहिला, वेगळा काढून खूण केलेला नाही ना म्हणून, आणि परत ठेवला.

"बाई, त्या घरी भट्टी पाह्यली का तुम्ही?"

"नाही."

"मडकं? नळी?"

"नाही."

"मंग काय पाह्यलं?"

"फुलं."

"तर फुलं पाह्यली, असं लिहाचं होतं." ती शांतपणे चहा प्यायली. "त्या बाईची दुसरी पोरगी माझ्याच हातावर झाली. त्या घरात दारू गाळत नाई. गाळली असती तरी देवाले लागते तेवढी. पावसाळ्यात तांदूळ सरला का फुलं उकडून खातात, भाजून खातात. दोन महिने ती अन् पोरी त्याच्यावर काढतात. आता ती ठाण्यात हजेरीले येईल. सकाळी. सकाळी फूल गळते."

"मग तेवढे दिवस शेजारचं कुणी वेचेल ना?"

सिस्टरनं कप खाली ठेवला. "तुम्ही नागभीडच्या ना, बाई? एकाचं मोहाचं झाड दुसरा वेचत नाई. ती नसली तर शेळ्या खातील, हरणं खातील. माणूस हात लावत नाई."

हेही मला ठाऊक होतं. आमच्याच गावात असं होतं. मला माहीत असलेल्या गोष्टी मला दुसऱ्यांकडून ऐकाव्या लागत होत्या, हा माझ्या वाचनाचा परिणाम.

मी जरा चिडून म्हणाले, "सिस्टर, हे तुम्ही बैठकीत का नाही बोललात?"

"बोलली. तुम्ही टाळ्या वाजवल्या." मग कप बाजूला सारून ती म्हणाली, "तुम्ही म्हणता सगळ्या बायकाइचं दुःख एक. माझी माय तुमच्यासारख्याइच्या बांधीत रोवणा करत होती. दिवसभर चिखलात वाकून. धुऱ्यावर छत्री घेऊन जी पोरगी बसे तीबी बाईच होती. दोघीइची कंबर एकसारखी दुखत होती का, ते तुम्ही सांगा."

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, छत्री घेऊन मी बसलेली होते. छत्री काळी होती, तिला लाकडी मूठ होती.

दारात चपला घालताना ती म्हणाली, "अन् हळदीकुंकवाले मी आली नसतीच. पण नाई म्हणाचा मौका तरी द्याचा होता."

माझी नात पुण्यात शिकते. खरं पुणं. ती म्हणते, "आजी, यावर आता खूप अभ्यास झालाय. जात, वर्ग, बाई, सगळं एकत्र बघायचं असतं." मी तिला म्हटलं, बघायचं ते अंगणातच होतं. पण मी त्यावर उभी होते, म्हणून दिसलं नाही.

त्या वेळी मात्र मला एवढंच सुचलं, की आपलं मन मोठं आहे. म्हणून दोन जुन्या साड्या आणि साखरेचा पुडा घेऊन मी सिस्टरच्या मोपेडवर मागे बसून त्या गावी गेले. ती बाई अंगणात बसली होती. अंगण मोकळं.

"जोहार," सिस्टर म्हणाली. मीही म्हणाले.

साखर तिनं पोरींकडे दिली. एक साडी उलगडली, दोन्ही हातांनी ताणून पाहिली, उजेडापुढे धरली. मला वाटलं नेसायला मापात आहे का बघते. ती म्हणाली, "बरी हाय. झाडाखाली टाकाले. काडीकचरा नाई लागत." ती माझ्या मंगळागौरीची साडी होती. मी म्हणाले, "हो, मी त्याच विचारानं आणली."

सिस्टर दुसरीकडे बघायला लागली.

मग ती बाई मुद्द्यावर आली. "सही तू केली?"

"हो."

"मंग मांगं घे."

"सही अशी मागं घेता येत नाही, बाई."

"तुले लिहिता येते ना? मले नाई येत. मले येत असतं तर मी घेतली असती." मग तिनं विचारलं, "याच्या आंधी कितीक सह्या केल्या तू?"

साधा प्रश्न होता. मी आठवायला लागले. मॅट्रिकच्या आणि बी. ए.च्या फॉर्मवर. लग्नाच्या कागदावर. आणि लग्नानंतर चौथ्या महिन्यात नागभीडला, तहसिलात, भावांच्या सांगण्यावरून हक्कसोड पत्रावर. बांध्यांमधला माझा हिस्सा मी त्या सहीनं सोडला होता आणि त्या दिवशी भावानं मला आलूबोंडा खाऊ घातला होता. हे मी तिला का सांगितलं कुणास ठाऊक.

तिनं ते सिस्टरकडून गोंडीत पुन्हा नीट समजून घेतलं. मग विचारलं, "माहेरचं तुले काईच नाई?"

"कपाट दिलं. शिवणयंत्र दिलं."

"मले दोन झाडं हायेत. मायची." कागद नव्हता, गावाला माहीत होतं, तेवढं पुरत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर दया दिसली. "मंग तू कोणाले सोडवाले आली होती वो?"

सिस्टर खो खो हसली. तीही हसली. पोरी साखर खात होत्या, त्याही हसल्या. मी बी. ए. होते, म्हणून जरा उशिरा हसले.

दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. ठाणेदारांनी खुर्ची दिली. मी म्हणाले, मला जबाब बदलायचा आहे. मी फक्त फुलं पाहिली, भट्टी, मडकं, नळी काही पाहिलं नाही.

"मॅडम, याले पंच फितूर झाला म्हणतात."

"म्हणा."

"मंडळाची बदनामी होईल."

"होईल."

"साहेब बँकेत हाय ना तुमचे? त्याईले विचारलं का?"

ह्यांना मी विचारलं नव्हतं. हक्कसोडीच्या वेळी विचारलं होतं; धाडीत सही करावी लागली तर करू का, हेही आदल्या रात्री विचारलं होतं. न विचारता कागदावर केलेली माझ्या आयुष्यातली ती पहिली सही. यावेळी बी. ए. लिहिलं नाही.

केस पातळ झाली. हजेरी थांबली. आठवड्यानं मुद्देमाल परत मिळाला, तीन पोत्यांतलं दीड पोतं. उरलेला उंदरांनी खाल्ला, असं ठाण्यातून लेखी मिळालं. त्या कागदावर उंदरांची सही नव्हती. मंडळानं तातडीची बैठक घेऊन मला सचिवपदावरून काढलं. त्या जागी सिस्टरला घ्यावं असं मी जाता जाता सुचवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना फिरतीची ड्युटी असते ना, उगाच त्यांना अवघड व्हायचं."

दीड पोतं गेलं ते गेलं. फुलं गळण्याचे चार-सहा दिवस उरले होते. मुद्देमाल न्यायला ठाण्यात आली तेव्हा ती बाई मला म्हणाली, "तू ये. माह्यासोबत वेच." मी घरी सांगितलं, चार दिवस जाते. आमचे हे म्हणाले, "अन् माझा डबा?" मी म्हणाले, "तांदूळ डब्यात आहे." त्या चार दिवसांत ते भात लावायला शिकले. पहिल्या दिवशीचं पातेलं मी अजून ठेवलं आहे, बागेत त्यात तुळस लावली आहे.

पहाटे उठून तिच्यामागे झाडाखाली गेले. झाडाखालची जमीन तिनं आधीच झाडून साफ केलेली होती. एका झाडाखाली माझी मंगळागौरीची साडी अंथरली होती, काठ बाहेरच्या बाजूला. दुसऱ्या झाडाखाली एकेक फूल हातानं वेचायचं. मी वाकले. थोड्या वेळात कंबर काय असते ते मला कळलं. सिस्टरच्या आईचा विचार मी केला नाही, खोटं कशाला सांगू. मी फक्त माझ्या कंबरेचा विचार केला. मग बसून वेचायला लागले. मग गुडघ्यांवर. ती आणि पोरी टोपल्या भरून पुढे जात होत्या, माझ्या टोपलीचा तळ दिसत होता.

"काऊन थांबून राह्यली?"

"दमले."

"मंग बोल तरी. मोठ्यानं बोल. अस्वल येते फुलं खाले. आवाज आला का जाते."

"काय बोलू?"

"तेच बोल ना. तुले पाठ हाय ते."

मग मी गुडघ्यांवर बसून, अर्धवट अंधारात, मोहाच्या झाडाखाली स्त्रीमुक्तीचं भाषण म्हटलं. बाई ही शेवटी बाई असते, इथपासून. सगळ्या बायकांचं दुःख एकच, तिथपर्यंत. हात गोल फिरवला नाही, हातात फुलं होती. ती दुरून ओरडायची, "आणखी मोठ्यानं! इकडं आयकू येत नाई!" पोरींना ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी त्या माझ्या पुढचं वाक्य आधीच म्हणायला लागल्या. चार पहाटा मी ते भाषण म्हटलं. एकही अस्वल आलं नाही. माझ्या भाषणाचा कुणाला उपयोग झाल्याची माझ्याकडे ही एवढीच नोंद आहे.

चौथ्या दिवशी सिस्टर मला न्यायला आली. तिनं माझी टोपली पाहिली, त्या बाईची पाहिली आणि मोपेड सुरू केली. मी मागे बसले. बसताना ओरडले. ती म्हणाली, "हळू चालवतो, बाई."

पुढे पावसाळा लागला. त्या वर्षी तो जोरात होता. नाले भरले की तिकडचे रस्ते बंद होत. मी सिस्टरला दर आठवड्याला विचारायची, "पुरतंय का त्यांना?" ती म्हणायची, "नाला उतरला का सांगतो."

श्रावणात एका बाजाराच्या दिवशी ती बाई स्वतःच दारात आली. भिजलेली. धाकटी पोरगी पाठीशी. कमरेत एक कापडी गाठोडं खोचलेलं होतं, रिकामं. काठावरून ओळखलं, माझी साडी. धुऊन मऊ झाली होती, माझ्याकडे असताना कधी झाली नव्हती इतकी.

मी विचारलं, "पुरलं का, बाई?"

"नाई पुरलं."

"इतकं वेचलं तरी?"

"तू हळू वेचते," ती म्हणाली. रागानं नाही, आज पाऊस आहे असं सांगावं तसं.

मी काही तरी बोलायला तोंड उघडलं. बोलायची सवय होती, चार दिवसांत ती जात नाही. तिनं ओट्यावर बसून साडी पसरली, चारी टोकं सरळ केली आणि विचारलं, "तुये घरी तांदूळ हाय?"

"हाय," मी म्हणाले.

यावेळी ती "मंग बोल" म्हणाली नाही. मीही काही बोलले नाही. तांदळाचा डबा आणायला आत गेले. तो जड होता, तेव्हा आमच्या ह्यांना हाक मारली आणि दोघांनी मिळून तो बाहेर आणला.